हलवता येणारं खुराडं पहिल्यांदाच बनवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार कोंबड्या पाळायच्या आहेत, घरामागे गवताची थोडी जागा आहे, करवत आणि ड्रिल हाताळता येतं पण सुतारकाम असं कधी केलेलं नाही. खुराडं रोज जागा बदलता येईल असं हवंय. तर आराखडा कुठला घ्यावा आणि चाकं किती मोठी लावावीत?

चाकांकडे येतोच, पण अशी खुराडी बहुतेक वेळा फसतात ती वजनामुळे. पहिल्यांदा बनवणारा माणूस धास्तीपोटी सगळंच जाड घेतो. चौकटीला जाडजूड लाकूड, भिंतींना १८ मिलिमीटरचं प्लायवूड, वर लोखंडी पत्रा. तयार झालेली वस्तू दोघांनाही हलत नाही. मग ती आठवड्यातून एकदा सरकते, नंतर महिन्यातून एकदा, आणि शेवटी एका जागी रुतून बसते. खाली गवताचा चिखल होतो आणि वास सुटतो. अडकून पडलेलं हलतं खुराडं साध्या पक्क्या खुराड्यापेक्षा वाईट, कारण त्यात दर कोंबडीमागे जागा कमीच असते. ती कमी जागा चालून जाते ती रोज नवं गवत पायाखाली येतं म्हणून.

त्यामुळे लाकूड आणण्याआधी जागेचा हिशेब करा. खाली जे माप सांगतोय ते ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे ३२ चौरस फूट. रोज एक जागा सोडली आणि त्याच जागी निदान महिनाभराने परत आलात, तर गवताला उठायला वेळ मिळतो आणि विष्ठेतून पसरणाऱ्या जंतांचा जोरही कमी होतो. ३० गुणिले ३२, म्हणजे साधारण ९६० चौरस फूट मोकळं गवत लागेल. एक दिवसाआड हलवलंत तर निम्म्यात भागेल, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गवत बरंच तुडवलेलं दिसेल. एवढी जागा नसेल, किंवा जमीन खडकाळ, उतरती, पावसात पाणी धरणारी असेल, तर हा नाद सोडून एका जागी पक्कं खुराडं बांधा आणि खाली भुशाचा जाड थर ठेवा. कोंबड्यांना त्यात काही कमी पडत नाही.

जागा आहे असं धरून पुढे जाऊ.

आकाराबद्दल दोन पंथ आहेत, तंबूसारखा त्रिकोणी आणि पेटीसारखा चौकोनी. त्रिकोणी हलका होतो आणि मुळातच ताठ असतो, पण कडेची जागा इतकी ठेंगणी होते की कोंबडी तिथे उभी राहू शकत नाही. दोन-तीन कोंबड्यांसाठी तो छान. चारांसाठी मी चौकोनीच सांगेन. काटकोनात कापायचं असल्याने नवख्याला मोजमाप सोपं जातं आणि ८ बाय ४ च्या प्लायवूडचा जवळपास तुकडाही वाया जात नाही.

मांडणी अशी. आठ फुटांपैकी मागचे दोन फूट म्हणजे रात्रीचं घर, जमिनीपासून १४ इंच उचललेलं. घराखालची जमीनही कोंबड्यांना मोकळीच, ऊन-पावसात तिथेच बसतात. पुढचे सहा फूट नुसती जाळी, उंची ३० इंच. घराची आतली (जाळीकडची) भिंत जमिनीपासून ४० इंच, बाहेरची ३४ इंच, म्हणजे छपराचं पाणी बाहेरच्या बाजूला पडेल. झोपायला ८ चौरस फूट, म्हणजे कोंबडीमागे दोन. कोंबड्या रात्रीपुरत्याच आत जाणार असतील तर हे पुरतं. दिवसचे दिवस घरातच कोंडून ठेवायची वेळ येणार असेल तर पुरत नाही, तेव्हा कोंबडीमागे चार चौरस फूट धरा. सहा कोंबड्यांचा मोह झाला तर याच मापात कोंबू नका. एकमेकींना टोचणं, अंडी फोडणं हे सगळं दाटीतून सुरू होतं.

आता वजन. दीड इंच बाय दीड इंचाची पाइनची पट्टी फुटाला साधारण पाव किलोच्या आत बसते. सगळी चौकट, झाकणं, तिरके आधार धरून ११५ ते १२० फूट लागते, म्हणजे सुमारे २६ किलो. ९ मिलिमीटर प्लायवूडची एक पूर्ण शीट सुमारे १६ किलो (१८ मिलिमीटरची ३२, फरक बघा). जाळी ७५ चौरस फूट, ७ ते ८ किलो. घरावरचा पत्रा ५ किलो. चाकं, बिजागऱ्या, स्क्रू, कड्या मिळून ८. झाले ६३ किलो. त्यात चार कोंबड्यांचे आठ आणि दाणापाण्याचे चार मिळवा, ७५ किलो. घर मागच्या टोकाला आणि चाकंही तिथेच, त्यामुळे यातला साधारण दोन-तृतीयांश भार चाकांवर जातो आणि तुमच्या हातात २५ किलोच्या आसपास येतात. घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला रोज सकाळी तेवढं तीन इंच उचलता येईल का, हे आधी विचारा. नसेल तर आत्ताच लांबी सहा फुटांवर आणा आणि कोंबड्या तीन करा.

जड, टणक लाकूड घेतलंत तर चौकटीच्या लाकडाचा २६ किलोचा आकडा दीडपट होतो. एक इंची चौकोनी लोखंडी पाइप, १.२ मिलिमीटर जाडीचा, मीटरला ९०० ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे लाकडाहून फार जड नाही आणि कुजतही नाही. वेल्डिंग येत असेल तर जरूर. प्लास्टिकच्या पाण्याच्या पाइपांची खुराडी मात्र टाळा. ओढताना पिळतात, उन्हाने ठिसूळ होतात आणि सोसाट्याच्या वाऱ्यात उलटतात.

चौकटीत खिळे वापरू नका. हे खुराडं रोज ओढलं जाणार आणि खिळा रोज केसभर सैल होत जातो. तीन इंची स्क्रू, प्रत्येकाआधी ३ मिलिमीटरचं भोक, नाहीतर दीड इंचाची पट्टी टोकाला हमखास चिरते. पट्टीच्या टोकाच्या रेषांमध्ये गेलेला स्क्रू नीट पकड घेत नाही, म्हणून प्रत्येक सांध्यावर प्लायवूडचा सहा इंची त्रिकोणी तुकडा बाहेरून स्क्रूने बसवा. नवखे हेच त्रिकोण गाळतात, आणि मग महिन्याभरात चौकट समांतरभुज चौकोनासारखी कलते नि दारं लागेनाशी होतात. खालची चौकट जोडली की गुण्यावर (काटकोन तपासायच्या पट्टीवर) विसंबू नका, दोन्ही कर्ण मोजा. ८ बाय ४ ला दोन्ही कर्ण १०७ इंचांच्या थोडे वर आणि एकमेकांइतकेच भरले पाहिजेत. पाव इंचाचा फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर ठोकून सरळ करा आणि मगच त्रिकोण बसवा.

खालच्या पट्ट्या जमिनीला टेकून कुजणारच. त्यांच्या खाली आणखी एक पट्टी स्क्रूने लावा, पुढचं टोक तिरकं कापून, म्हणजे ओढताना गवतात रुतत नाही. दोन-तीन वर्षांनी तेवढी बदलायची, मूळ चौकट वाचते. लाकडाला जवसाचं उकळलेलं तेल किंवा बाहेरच्या कामाचा रंग द्या आणि पूर्ण वाळू द्या. गाडीचं जळकं तेल फासायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. कोंबडी चोच मारते तिथे ते नको. जुनं, औषध मुरवलेलं हिरवट लाकूडही नको, त्यात आर्सेनिक असू शकतं.

आता चाकं. व्यासाने १० इंच, हातगाडीची असतात तशी. चार-पाच इंची फिरती चाकं फरशीवर चालतात, गवतात रुतून बसतात. पण खरा घोळ जागेचा होतो. खुराडं टेकलेलं असताना खालची पट्टी सगळीकडून जमिनीला चिकटलेली हवी, नाहीतर फटीतून उंदीर आत आणि कोंबडी बाहेर. आणि ओढताना मात्र ती जमिनीपासून सुटलेली हवी. चाकं कायमची घट्ट बसवून या दोन्ही गोष्टी धड जमत नाहीत. चौकटीच्या आतल्या बाजूला थोडी उंच बसवलीत, तर पुढचं टोक उचलल्यावर खुराडं मागच्या कडेवर टेकून फिरतं आणि चाक उलट आणखी वर जातं, जमिनीला लागतच नाही. मागच्या कडेच्या सहा इंच बाहेर बसवलीत तर लागतं, पण पुरेसं उचललं जायला पुढचं टोक फूट-दोन फूट वर घ्यावं लागतं. तेवढ्यात कोंबड्या पसार.

म्हणून तरफ. प्रत्येक बाजूला एक लोखंडी पट्टी, २४ इंच लांब, २ इंच रुंद, ६ मिलिमीटर जाड. एका टोकाजवळ चाकाच्या आसासाठी भोक. त्यापासून मोजून ४ इंचांवर दुसरं भोक, हा टेकू. उरलेला सुमारे १९-२० इंचांचा दांडा हातात धरायला. दोन्ही भोकं १२ मिलिमीटरच्या बोल्टची, वेल्डिंगवाल्याकडून पाडून घ्या. मागच्या खांबापाशी, खालच्या पट्टीला आणि खांबाला मिळून दीड इंच जाड, आठ इंच उंच फळीचा तुकडा घट्ट बसवा आणि टेकूचा बोल्ट त्यातून जमिनीपासून बरोबर ६ इंचांवर काढा. नुसत्या दीड इंची पट्टीत हा बोल्ट घातलात तर पट्टी फाटेल.

आता गंमत बघा. दांडा आडवा, पुढच्या दिशेला असताना चाकाचा मध्य ६ इंचांवर असतो, म्हणजे १० इंची चाकाची कड जमिनीपासून इंचभर वर. खुराडं पूर्ण टेकलेलं. दांडा वर ओढून ६० अंशांत उभा केला की चाकाचा मध्य साडेतीन इंच खाली जातो. पहिला इंच चाक जमिनीला लागण्यात जातो, उरलेले अडीच इंच खुराडं वर येतं. दांड्याचं नि चाकाचं प्रमाण पाचास एक, म्हणून एका बाजूचे २५ किलो उचलायला ५ किलोची ओढ पुरते. उभा दांडा घराच्या भिंतीवरच्या जाड आकड्यात अडकवा. आकडा नाजूक नको, कारण सगळा भार दांड्याला परत खाली पाडायला बघत असतो. निसटला तर हातावर बसतो.

पुढच्या दोन कोपऱ्यांना दोर बांधा आणि मध्ये पाइपचा तुकडा मूठ म्हणून घाला. दोराची लांबी अशी की पाठ ताठ, हात सरळ खाली सोडून उभं राहिल्यावर पुढचं टोक तीन इंच उचललं जावं. वाकावं लागलं तर दोर छोटा करू नका, लांब करा आणि पुन्हा मोजा.

जाळीबद्दल फार बोलायला नको, पण एक सांगितलंच पाहिजे. षटकोनी छिद्रांची पातळ कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. जोरदार पंजाने ती फाटते. अर्ध्या इंची चौकोनी वेल्ड केलेली जाळी घ्या, साधारण एक मिलिमीटर तारेची, गॅल्व्हनाइज्ड. मुंगूस, उंदीर, बहुतेक साप त्यातून येत नाहीत. उंदराचं पिल्लू येईल, म्हणून रात्री दाणे आत ठेवायचे नाहीत. जाळी नुसती स्टेपलने मारू नका. कडेवरून पातळ रीप ठेवून त्यातून दर सहा इंचांवर स्क्रू मारा. कापलेल्या तारांची टोकं रिपेखाली गेली पाहिजेत, नाहीतर एकदा तुमचा हात आणि एकदा कोंबडीचा तुरा फाटणार.

उकरणाऱ्या जनावरांसाठी चारही बाजूंनी फूटभर जाळीची झालर जमिनीवर पसरून ठेवा, तारेच्या कड्यांनी खालच्या पट्टीला अडकवलेली. कुत्रा भिंतीच्या अगदी कडेलाच उकरतो, तिथे जाळी लागली की बहुधा सोडून देतो. हलवताना झालर वर उलटून आकड्याला लटकवायची. ती पायात अडकते, वैताग येतो, आणि म्हणून लोक ती काढून टाकतात. आसपास भटकी कुत्री नसतील तर काढा. असतील तर वैताग सोसा. सपाट नसलेल्या जमिनीवर खाली फट राहिली तर झालरीवर दोन विटा.

घराच्या आत चार गोष्टी बघायच्या. बसायची दांडी दीड ते दोन इंच रुंद, वरच्या कडा घासून गोल केलेल्या, जमिनीपासून नव्हे तर घराच्या तळापासून आठ इंचांवर, चार फूट लांब. कोंबडीमागे फूटभर मिळतो, आठ-दहा इंचही चालले असते. दांडी दोन्ही टोकांना खाचेत नुसती ठेवा, स्क्रू मारू नका. लाल माइट नावाचे बारीक किडे दिवसा दांडीच्या टोकांच्या फटीत लपतात आणि रात्री कोंबड्यांचं रक्त पितात. दांडी काढून टोकं बघता आली पाहिजेत. राखाडी भुकटीसारखं दिसलं आणि बोटाने चिरडल्यावर लाल डाग पडला तर तेच.

अंडी घालायची पेटी १२ इंच लांब-रुंद, १४ इंच उंच. चार कोंबड्यांना एक पुरते. दोन केल्यात तरी सगळ्या एकाच पेटीसमोर रांग लावतात. पेटीचा तळ दांडीपेक्षा खालीच हवा. कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागा शोधते, पेटी उंच झाली तर तिथेच झोपून घाण करते. पेटी मागच्या भिंतीला बाहेरून लटकवा. तिचं वजन चाकांच्या पलीकडे जातं आणि तुमच्या हातातला भार थोडा हलका होतो, शिवाय अंडी बाहेरून काढता येतात. तिच्या झाकणाच्या बिजागरीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आडवी ठोका. पावसाचं पाणी हमखास त्या फटीतून आत झिरपतं आणि छपराचं पाणीही तिथेच पडतं.

हवेसाठी दोन्ही लांब भिंतींच्या वरच्या टोकाला, छपराच्या लगेच खाली, चार-चार इंचांची पट्टी मोकळी सोडून जाळी लावा. गारठ्याच्या भीतीने ती बंद करू नका. कोंबड्या थंडी पिसं फुगवून सोसतात. श्वासाची वाफ आणि विष्ठेतला अमोनिया सोसत नाहीत. सकाळी दार उघडल्यावर नाकाला झोंबलं तर हवा कमी आहे. उन्हाळा कडक असेल तर आतली भिंत अर्धी वरून जाळीचीच करा आणि पुढच्या जाळीवर निम्म्या भागाला ताडपत्री. कोंबडीला घाम येत नाही, सावली आणि पाणी हाच तिचा मोठा आधार. पाण्याचं आणि दाण्याचं भांडं चौकटीला टांगा, कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर. दर वेळी बाहेर काढावं लागलं तर हलवायचा कंटाळा यायला तेवढंच कारण पुरतं. कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हात दुप्पट.

चौथी गोष्ट जिना. जिन्याची फळी तीन फूट, दर चार-पाच इंचांवर आडवी कमची, वरच्या टोकाला बिजागरी आणि दोरी, म्हणजे हलवताना ओढून वर घेता येते. विसरलात तर पहिल्याच ओढीला बिजागरीसकट उपटते.

बांधायचा क्रम: खालची चौकट, खांब, वरच्या पट्ट्या, त्रिकोण, मग तरफा आणि चाकं. इथे थांबा. प्लायवूड आणि जाळी लावण्याआधी सांगाडा गवतावर नेऊन घराच्या जागी वीस-पंचवीस किलोची गोणी ठेवा आणि दहा फूट ओढून बघा. टेकू अर्धा इंच वर-खाली करायचा असेल, दोर लांबवायचा असेल, तर आत्ताच जमतं. त्यानंतर घराचा तळ, भिंती, पत्रा, पेटी, शेवटी जाळी आणि दारं. पुढच्या भागाचं वरचं झाकण पूर्ण उघडेल असं करा. दाराला नुसता आकडा नको, कडी-कोयंडा आणि त्यात पिन.

कोंबड्या आणल्यावर पहिले तीन-चार दिवस खुराडं हलवूच नका आणि रात्री त्यांना घरात बंद करा, म्हणजे झोपायची जागा डोक्यात बसते. मग सकाळी घराचं दार उघडण्याआधीच हलवा. कोंबड्या आत, पाय सुरक्षित. पुढे कधी दिवसा हलवायची वेळ आली तर एका वेळी फूटभरच सरका आणि डोळे मागच्या आडव्या पट्टीवर ठेवा. कोंबड्या पुढच्या नव्या गवताकडे धावतात, पण एखादी मागेच किडा उकरत बसते आणि तिचा पाय पट्टीखाली सापडतो. उतारावर ओढायचं असेल तर वर-खाली नको, आडवंच न्या, आणि जागेवर पोचल्यावर आधी पुढचं टोक खाली, मग एकेक दांडा सोडा. वादळी हवा असेल त्या दिवशी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना खुंट्या ठोकून बांधून टाका.

पत्र्याऐवजी पॉलिकार्बोनेट (पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा) लावलं तर दोन-तीन किलो वाचतील, पण थेट उन्हात आत भट्टी होते. ते वाचवायचेच असतील तर पेटीतल्या भुशापासून सुरुवात करा. ओला भुसा न बदलता साचू दिला की त्याचंच वजन तेवढं भरतं.